मंगळवारचा शेक

“चौदा दिवसांत कुणाकुणाजवळ बसलात, वैनी?” मी विचारलं तेव्हा दुरपदावैनी गोठ्याशेजारच्या खोलीत उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या, आणि मी बाहेर, शेणकुटाच्या ढिगाशेजारी. आमच्या दोघींमध्ये दोन हातांचं अंतर आणि एक पिवळी पट्टी. दुपारचे बारा वाजले असतील. म्हैस रवंथ करत होती आणि वैनी तिच्याकडेच बघत होत्या.

“हिच्याजवळ,” त्या म्हणाल्या. “लिव्ह.”

साथीचं दुसरं वर्ष होतं ते. मी पायरवाडीची आशा, म्हणजे गावाची आरोग्याची बाई. कुणाला दिवस राहिले, कुणाला ताप आला, कुणाच्या पोराचा डोस चुकला, हे सगळं माझ्या वहीत. वैनी गावातल्या सतराव्या. त्यांचा अहवाल आदल्या दिवशी आला होता आणि घरच्यांनी त्यांचं अंथरूण गोठ्याशेजारी टाकलं होतं. ताप उतरला होता, पण आवाज बसला होता. एरवी हळदीला, डोहाळजेवणाला गाणी म्हणायची ती वैनींनी आणि मागून ओढायची ती मी. त्यांचा आवाज असा चुरगळलेला मी कधी ऐकला नव्हता.

मी फोन पुढे धरला. जिल्ह्यानं तेव्हा ‘सावली’ नावाचं ॲप सगळ्यांच्या फोनात घालून दिलं होतं. त्यातली हिरवी खूण दाखवल्याशिवाय डेअरीत दूध घेत नसत, म्हणून म्हशी असलेल्या प्रत्येक घरात ते होतं. एक फोन दुसऱ्या फोनाजवळ किती मिनिटं होता, हे त्याला कळायचं. माणूस आजारी पडलं की ती सगळी यादी माझ्यासमोर यायची. वैनींच्या यादीत नवरा होता, दोन्ही मुलगे होते, दुधाच्या टेम्पोचा ड्रायव्हर होता. आणि एक नंबर होता तालुक्याच्या गावातला. मंगळवार, एकशे नव्वद मिनिटं. मागच्या मंगळवारीही तेवढीच.

वैनी दर मंगळवारी दुधाच्या टेम्पोनं तालुक्याला जायच्या. गुडघ्याला शेक द्यायला. दीड वर्ष जात होत्या. बाया हसायच्या, की दुरपदाचा गुडघा आहे का खापराची भाकरी, किती शेकायचा.

मी विचारलं, हा नंबर शेकवाल्या डॉक्टरचा का. त्या हो म्हणाल्या. मग मी म्हणाले, डॉक्टर तुमच्याजवळ तीन तास बसतो का. मी सांगितलं की त्या नंबरला मी सकाळपासून चारदा फोन लावला, कुणी उचलत नाही. जे कुणी असेल त्याला सांगावं तर लागणार, त्या घरात म्हातारं माणूस असलं, लहान पोर असलं, तर फार जपावं लागणार.

वैनींनी म्हशीवरची नजर काढली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

“शालन, तान्ह्याला हुतं का गं ह्ये?”

त्या एका प्रश्नात त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं. तरी मी विचारलं, “केवढं आहे?”

“अकरा दिवसांचं. म्या न्हाऊ घातलंय. मांडीवर पालथं घेऊन, ह्या हातांनी.” त्यांनी हात पुढे केले आणि पट्टी दिसल्यावर पुन्हा मागे घेतले.

वैनींना दोन मुलगे, धनाजी आणि अधिक, आणि त्यांच्या पाठची एक मुलगी. मुलगी तीन वर्षांपूर्वी घरातून गेली. ज्याच्याबरोबर गेली तो कोण, कुठल्या जातीचा, हे गावाला माहीत आहे आणि तुम्हाला सांगून काही उपयोग नाही. ज्ञानदेवबापूंनी, तिच्या बापानं, नदीत उभं राहून तिच्या नावानं तीळ सोडले. जिवंत लेकीचा तेरावा घातला, गावाला जेवण घातलं. मीही जेवले होते. अधिक दोन महिने पुण्यात, कोल्हापुरात, मिळेल त्या पत्त्यावर कोयता घेऊन फिरला. सापडली असती तर दोघांनाही ठेवलं नसतं, असं तो पारावर बसून बोलायचा आणि ऐकणारे मान हलवायचे.

आणि ती बावीस किलोमीटरवर होती. तालुक्याच्याच गावात. आई गुडघ्याला शेक घेऊन घेऊन तिच्याकडे पोचली होती.

“नाव लिव्हू नगंस,” वैनी म्हणाल्या. “तिचं न्हाई, त्याचं न्हाई. तुज्या पाया पडते. पन कुणीतरी जाऊन त्या लेकराला बघा.”

मी त्यांना शब्द दिला. ॲपमध्ये तसंही नाव दिसत नाही, म्हणाले. नावाच्या जागी आकडा येतो. आम्हाला प्रशिक्षणात ते तीनतीनदा सांगितलं होतं. आमच्या तांबोळी मॅडमनी फळ्यावर लिहून दिलं होतं, की रुग्णाचं नाव कुठेही, कुणालाही, कसल्याही कारणानं जाता कामा नये. मी मान डोलावून ते वहीत उतरवून घेतलं होतं. वैनींना म्हणाले, नाव माझ्या जिभेवरसुद्धा यायचं नाही.

फोन उचलत नाहीत म्हटल्यावर तालुक्याच्या आशाला घर सापडायला हवं होतं. बाळंतपणाच्या दवाखान्यात जो पत्ता दिला होता तो खोटा होता, तेही वैनींनीच सांगितलं. मग घर कसं सापडेल असं मी विचारलं, आणि त्या सांगू लागल्या. त्यांना अक्षर येत नाही. त्यांनी वाट सांगितली ती आपण माहेरची वाट सांगतो तशी. बंद पडलेली तेलगिरणी, तिच्या मागची गल्ली, दारात बकुळीचं झाड, निळं कवाड. सांगताना त्यांचा आवाज थोडा मोकळा झाला.

फॉर्मच्या शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना होता. बाकीच्या आशा तिथे एक रेघ मारायच्या. मी नीट लिहायची. माझ्या आईला दीडदोनशे ओव्या पाठ होत्या. दळताना ती भावाचं गाव सांगायची, पण गावाचं नाव घ्यायची नाही. विहीर सांगायची, चिंच सांगायची, वेशीवरचा दगड सांगायची, आणि ऐकणाऱ्याला तिथे नेऊन उभं करायची. ते माझ्या हातात उतरलंय असं मला वाटायचं. त्या दिवशी मी लिहिलं, ‘रुग्ण क्र. १७, स्त्री, वय ४९. दर मंगळवारी तीन तास भेट. संपर्क : पहिलटकरीण, वय २३, अकरा दिवसांचं बाळ. जुन्या तेलगिरणीमागे, दारात बकूळ, कवाड निळं.’ एकदा वाचून बघितलं. नाव कुठेच नव्हतं. आंधळं माणूससुद्धा पोचेल असं लिहिलं होतं, आणि नाव नव्हतं. मला बरं वाटलं.

घरी जाताना ते शब्द तोंडात घोळत राहिले आणि चालता चालता त्यांची ओवीच झाली.

दारी बकुळीचं झाड, निळ्या रंगाचं कवाड
आत साळुंकी नांदते, तिचे पुरवा गं लाड

मी ती गुणगुणत घरी गेले, हे मला सांगायलाच हवं. झाड आणि रंग आता मी बदलून सांगते आहे, गावाचं नावसुद्धा. तेव्हा खरे लिहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तालुक्याच्या आशाचा फोन आला. पत्ता एका झटक्यात सापडला म्हणाली, काय लिहितेस गं तू. बाळ-बाळंतिणीचे नमुने घेतले होते. बाळाचं अंग जरा कोमट होतं, पण दूध पीत होतं. मी ते वैनींना सांगायला निघाले. वाटेत डेअरीपाशी बाया उभ्या होत्या, चुन्यानं आखलेल्या गोलात एकेकजण. त्या हसत होत्या. मला बघून एकजण म्हणाली, “या शालनताई. दुरपदाच्या गुडघ्याला नातू झाला म्हणं.”

रोज सकाळी नऊला गावाचा तक्ता निघायचा. किती रुग्ण, कुणाचे संपर्क कुठे, म्हणजे गावानं सावध राहावं. नावं आपोआप गळायची. आमचे ग्रामसेवक, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, तो तक्ता गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. त्यात शेराही छापून यायचा. ते मला माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी आजवर कुणाला सांगितलं नाही, आणि इथेही सांगणार नाही. नाव नाही ना, मग झालं, असं मला वाटलं होतं.

मलाच असं वाटावं. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, सासऱ्याचं घेत नाही, थोरल्या दिराचं घेत नाही. माझ्या आजेसासऱ्यांचं नाव सोमा होतं, म्हणून माझी सासू मरेपर्यंत सोमवारला ‘बाजाराचा आदला दिवस’ म्हणाली. चुलतसासूच्या मालकाचं नाव गुलाब, तर ती लग्नात ‘काट्यावरचं फूल’ मागायची आणि तिला तेच मिळायचं. कुणाला कळलं नाही असं एकदाही झालं नाही. ज्या गावातल्या बाया जन्मभर नाव न घेता माणूस ओळखतात, त्या गावाला मी वय दिलं होतं, वार दिला होता, झाड दिलं होतं. पिवळी पट्टी एकाच दाराला होती आणि मंगळवारी गुडघा एकाच बाईचा दुखत होता. पहिल्या बाईचं वाचून संपायच्या आत दुसरीनं ओळखलं असणार.

मी तिथूनच तांबोळी मॅडमना फोन लावला. शेरा काढा म्हणाले, तक्ता मागे घ्या. त्यांनी फोन न ठेवताच तक्ता उघडून बघितला.

“शालनताई, यात नाव कुठंय?”

“नाही मॅडम, पण सगळ्यांना कळलंय.”

“कसं कळेल? नाव नाही, नंबर नाही. तुम्ही नियमानं भरलंय. घाबरू नका उगाच.”

मी धावत वैनींच्या घरी गेले. अंगणात दोन मोटारसायकली चालू होत्या. धनाजी एकीवर बसला होता, मान खाली घालून. तो तसा मऊ माणूस, पण धाकट्याच्या मागून जायची त्याला सवय होती. अधिक कंबरेला काहीतरी खोचत होता आणि वर शर्ट ओढत होता. त्याच्या खिशात वैनींचा फोन होता, गुलाबी कव्हराचा. मी दोन्ही हात पसरून पुढच्या गाडीसमोर उभी राहिले. मला दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी नियम सांगितला.

“अधिक, तुमचं घर विलगीकरणात आहे. चौदा दिवस बाहेर पडता येणार नाही.”

त्याला खरोखरच हसू आलं. चेहऱ्यावरचा रुमाल खाली ओढून तो म्हणाला, “ताई, तीन वर्सं हुडकत हुतो. वाट तुमीच दावलीसा. आता आडवं येऊ नका.”

गाडी माझ्या पदराला घासून गेली. मागून दुसरी गेली.

ज्ञानदेवबापू ओट्यावर बसले होते. मी त्यांच्यासमोर हात जोडले. म्हणाले, मुलांना माघारी बोलवा, तुमचीच लेक आहे, परवाची बाळंतीण आहे. ते तंबाखू मळत होते. मळून झाल्यावर त्यांनी ती झटकली.

“आमची मेलीया,” ते म्हणाले. “मेलेल्याला आनि काय हुतंय.”

मी तालुक्याच्या पोलीस ठाण्याला फोन लावला. तिथल्या माणसानं विचारलं, कुणाला धोका आहे, नाव काय. आणि मी नाव सांगितलं. तिचं, नवऱ्याचं, आडनावासकट, दोनदा, मोठ्यानं, भर अंगणात. बंदोबस्तातून गाडी मोकळी झाली की पाठवतो म्हणाले.

गोठ्याकडून वैनींनी हाक मारली. हाक नव्हतीच ती, दाराची कडी वाजवली. त्या पट्टीच्या आत उभ्या होत्या. मला वाटलं शिव्या देतील. मी शिव्यांसाठी तयार होऊन गेले. त्यांनी विचारलं, “फोन हाय न्हवं तुज्याकडं? लाव.”

मी म्हणाले, ती उचलत नाही, काल चारदा लावला.

“दोनदा वाजू दे आन ठिव. मग परत लाव. तवा उचलती.”

हे त्यांनी मला काल सांगितलं नव्हतं. काल सगळं सांगितलं आणि एवढं राखून ठेवलं होतं. मी दोन घंट्या दिल्या, ठेवला, पुन्हा लावला. पलीकडून एक मुलगी ‘आई’ म्हणाली. मी आवाज मोठा करून फोन पट्टीच्या वर धरला, हात लांब करून. मागे बाळ कुरकुरत होतं आणि कुकरची शिट्टी होत होती.

“अगं, दादा निगाल्यात,” वैनी म्हणाल्या. “दोगंबी. घर गावलंय त्यास्नी.”

पलीकडे तिनं बाळाला उचललं असावं, कुरकुर फोनाजवळ आली.

“घरात कोन हाय? त्यो कामावर गेलाय? त्याला रस्त्यातनं बलीव. लेकराला दुपट्यात गुंडाळ, डोक्याला टोपडं घाल, वारं लागंल. दुसरं काय घेऊ नगंस. भांडी राहू दे. अर्दा तास हाय तुज्याकडं.”

“आई, कुठं जाऊ मी?”

वैनींनी डोळे मिटले. मी बघत होते. अकरा दिवसांच्या बाळंतिणीला कुठं जायचं ते त्यांच्या मनात येत होतं, एकेक घर, एकेक नातं, आणि त्या एकेक पुसत होत्या. मग त्यांनी डोळे उघडले ते माझ्या हातातल्या फोनावर.

“कुटंबी जा,” त्या म्हणाल्या. “पन मला सांगू नगंस.”

“आई—”

“मला कळता कामा नये, बाई. मला कळलं की समद्यास्नी कळतं. ह्यो फोन फेकून दे. ठिव आता.”

तिनं ठेवला नाही. बाळ रडायला लागलं होतं. वैनी ते ऐकत उभ्या राहिल्या, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनीच पट्टीवरून हात काढला आणि एका बोटानं माझ्या फोनवरचं लाल चिन्ह दाबलं. ते बोट माझ्या हाताला लागलं. त्यांना पुन्हा ताप भरला होता.

मुलगे तीनच्या सुमारास परत आले. निळं कवाड सताड उघडं होतं, हे मला पुढे तालुक्याच्या आशानं सांगितलं. कुकरमध्ये भात होता. दोरीवर लंगोट वाळत होते, काही ओले, काही सुके. दोघांनी घरातलं फोडण्यासारखं सगळं फोडलं आणि अधिकनं दारातलं झाड कोयत्यानं छाटलं. पोलीस आले तेव्हा दारात ते झाडच तेवढं पडलेलं होतं. तक्रार करायला घरात कुणी नव्हतं.

पुढे एक छोटी चौकशी झाली. वरून एक साहेब आले होते, सभ्य माणूस. त्यांनी सतरा नंबरची सगळी पानं तपासली आणि मला विचारलं की नाव कुणाला सांगितलं होतं का. मी म्हणाले, पोलिसांना. त्यांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले की पोलिसांना सांगायला हरकत नाही. अहवालात लिहून आलं, की गोपनीयतेचा भंग झाल्याचं दिसून येत नाही. त्या वर्षी आमच्या केंद्राला प्रमाणपत्र मिळालं, एकाही रुग्णाचं नाव बाहेर गेलं नाही म्हणून. मॅडमनी व्यासपीठावर मला बोलावलं. मी गेले आणि ते हातात घेतलं. नाही म्हणायला तोंड लागतं.

नमुन्यांचे निकाल मात्र तिसऱ्याच दिवशी आले होते. त्या नंबराच्या नोंदीखाली, माझ्याच फोनवर. बाळंतिणीला लागण होती. बाळाचा नमुना पुरेसा नाही, पुन्हा घ्यावा, असं होतं. मी दोन घंट्या दिल्या, ठेवला, पुन्हा लावला. बंद. आठवडाभर रोज लावला. ‘सावली’त त्या नंबरापुढे ‘शोध लागला नाही’ असं आलं आणि पंधरवड्यानं तो नंबर यादीतून निघून गेला. वैनी तोवर बऱ्या होऊन घरात आल्या होत्या. मी तो निकाल त्यांना सांगितला नाही. त्यांची एवढी एकच गोष्ट मी गुप्त ठेवू शकले.

त्यांनी माझ्याशी भांडण काढलं नाही. वाटेत भेटल्या तर ‘व्हय’, ‘बरं’ एवढं बोलायच्या. मंगळवारी त्या घरीच असायच्या. हळदीला गाणी आता दुसऱ्या बाया म्हणतात, मीही ओढायला जात नाही.

मागच्या फाल्गुनात घरोघरच्या माहितीचं काम आलं. नवा फॉर्म, नवं ॲप, प्रत्येक बाईला किती मुलं झाली, किती हयात आहेत. त्यांचं घर मी शेवटी ठेवलं होतं. बापू गेल्याला वर्ष झालं होतं, मुलगे रानात होते. वैनी परातीत गहू निवडत होत्या. मी अंतर ठेवून बसले. आता तसं काही कारण नव्हतं, तरी बसले.

आधीचे प्रश्न झाले. मग मी विचारलं, “एकूण बाळंतपणं किती, वैनी?”

“दोन,” त्या म्हणाल्या. “दोनी पोरगं.”

मला त्यांचं तिसरं बाळंतपण आठवत होतं. मी नवी नवरी होते आणि त्या पाचवीला रात्रभर गायले होते. मी आकडा भरला नाही. गव्हातला खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

“लिव्ह की.”

मी लिहिलं. वैनींनी हात पुसले, जवळ आल्या आणि फोन स्वतःकडे वळवून घेतला. अक्षर येत नसलं तरी आकडे त्यांना येतात. त्यांनी वरून खालपर्यंत बोट नेलं, दोनचा आकडा शोधला आणि त्याच्यावर थांबल्या. मग त्याच्या शेजारचा मोकळा रकाना दाखवून म्हणाल्या, “हितं काय लिव्हत्यात?”

“शेरा.”

“हितं काय लिव्हू नगंस.”

मी तिथे रेघ मारली. त्यांनी रेघ नीट बघून घेतली.

“आता पाठीव,” म्हणाल्या, आणि फॉर्म जाईपर्यंत माझ्या खांद्याशी उभ्या राहिल्या.